सही करण्याआधी त्या बेडवर झोपून बघा

पत्राचा सारांश

एक वाचक लिहितात : आम्ही नवराबायको साठीला टेकलोय. गेली अकरा वर्षं साडेपाच मीटरची कॅम्परव्हॅन (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन) वापरतोय. पुढच्या महिन्यात दोन दिवसांचा प्रवास करून एका मोठ्या विक्रेत्याकडे नवी मोटरहोम (चाकांवरचं घर) नोंदवायला जाणार आहोत. नवऱ्याचं सगळं ठरलंय : ७.४ मीटर लांबी, मागे आयलंड बेड (मधोमध, दोन्ही बाजूंनी मोकळा), छतावर एसी आणि सोलर, पाठीमागे दोन इलेक्ट्रिक सायकली. ‘ही आपली शेवटची गाडी, आता हौस राहायला नको,’ असं त्याचं म्हणणं. मला सहा मीटरची व्हॅनच बरी वाटते. एवढं मोठं धूड मला चालवता येणार नाही आणि अरुंद रस्त्यांची धास्ती वाटते. रात्री मला दोनदा उठावं लागतं, त्यामुळे टॉयलेटला पटकन जाता यावं, एवढी माझी एकच अट आहे. विक्रेता फोनवर म्हणाला की महिनाअखेरीपर्यंत सही केलीत तर सवलत देतो. वाद नको म्हणून मी गप्प बसावं का?

उत्तर

गप्प बसू नका. पण ‘सहाच मीटर’ असा हट्टही धरू नका, कारण तुमचा वाद ज्या आकड्यावर अडलाय तो आकडाच मला दुय्यम वाटतो. ब्रोशरवर लांबी ठळक छापलेली असते म्हणून सगळी जोडपी लांबीवरून भांडतात. गाडी दारात आल्यावर रोज जाणवतात त्या गोष्टी वेगळ्याच असतात. सामानासाठी किती किलो उरले, रात्री कोणाला कोणाच्या अंगावरून ओलांडून उतरावं लागतं, आणि दोघांपैकी एक आजारी पडला तर दुसऱ्याला गाडी घरी आणता येते का.

या तीन कसोट्या लावल्या की गंमत दिसते. तुमची मागणी तुमच्याच अटीला मारक आहे, आणि तुमच्या पतींची मागणी त्यांच्याच यादीला.

आधी तुमची बाजू घेऊ. सहा मीटरच्या बहुतेक व्हॅनमध्ये मागचा डबल बेड आडवा असतो. डोकं एका बाजूच्या भिंतीला, पाय समोरच्या. अशा व्हॅनची बाहेरची रुंदी साधारण २.०५ मीटर असते. त्यातून पत्रा, इन्सुलेशन आणि आतलं पॅनेल वजा केलं की झोपायला जेमतेम १.८५ ते १.९५ मीटर उरतात. त्याहून मोठी अडचण उतरण्याची. मागच्या दारांना लागून जो झोपतो त्याला उठायचं तर आतल्या बाजूच्या माणसाला ओलांडावं लागतं. बेडखाली सामानाची जागा हवी म्हणून बेड कमरेच्या आसपास उंच असतो, आणि खाली उतरायला एक छोटी पायरी. दिवसा ही पायरी दिसते. रात्री दोन वाजता ती पायाने चाचपडून शोधावी लागते. तुम्ही आतल्या बाजूला झोपलात तर ओलांडणं टळेल, पण मग पतींना उठावं लागलं की ओलांडण्याची पाळी तुमच्या अंगावरून येईल. साठीनंतर असा प्रसंग कधी येणारच नाही, असं धरून चालू नका.

आयलंड बेडला दोन्ही बाजूंनी उतरता येतं आणि टॉयलेट बहुधा पायथ्याशीच असतं. म्हणजे तुमची एकमेव अट त्यांच्या गाडीत जास्त नीट पुरी होते. ही गोष्ट त्यांना स्वतःहून सांगा. समोरच्याचं जे बरोबर आहे ते आधी मान्य केलं की वजनाचा विषय काढणं सोपं जातं, आणि तो काढावाच लागणार आहे.

वजन

प्रत्येक गाडीच्या कागदावर दोन आकडे असतात. एक, गाडीचं भरल्या अवस्थेतलं कमाल वजन. दुसरा, रस्त्यावर निघण्याच्या स्थितीतलं वजन. दोहोंमधला फरक म्हणजे तुमचं पेलोड. दुसऱ्या आकड्यात काय धरलंय ते मात्र बारीक अक्षरात असतं. युरोपीय नियमांनुसार त्यात चालकाचे ७५ किलो आणि ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी येते. शेजारी बसणारं माणूस येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं तर फार शिताफीने केलेलं असतं. टाकी ११० लिटरची, पण ‘प्रवासात’ २० लिटरच भरायचं असं जाहीर करून वजनात २० लिटरच धरतात. हे कायद्यात बसतं, पण मुक्कामी पोचल्यावर पाणी मिळेल न मिळेल म्हणून टाकी पूर्ण भरून निघणारी माणसं थोडी नसतात.

तुमच्या पतींची गाडी ३,५०० किलो कमाल वजनाच्या चॅसीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) आहे असं धरून एक नमुना हिशेब करू. साडेतीन टनांवर आकडा गेला की अनेक देशांत परवाना, टोल आणि वेगमर्यादेचे नियम बदलतात, म्हणून बहुतेक मोटरहोम याच आकड्यावर विकल्या जातात. निघण्याच्या स्थितीतलं वजन ३,०५० किलो धरू. उरले ४५०. तुमचे स्वतःचे ७०, उरले ३८०. उरलेलं ९० लिटर पाणी म्हणजे ९० किलो, उरले २९०. आता ऑप्शनची, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायच्या सोयींची यादी : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २०, चार मीटरचं ऑनिंग (बाजूला ओढायचं कापडी छप्पर) ३५, छतावरचा एसी ३२, सोलर पॅनेल फ्रेमसकट १५, दुसरी एजीएम (शिशाची जड) बॅटरी २७, टीव्ही आणि त्याची अँटेना १०, सायकलींचा रॅक १५. बेरीज १५४. उरले १३६. दोन इलेक्ट्रिक सायकली ५०, उरले ८६. दुसरा भरलेला गॅस सिलिंडर २३, उरले ६३.

या ६३ किलोंत कपडे, अंथरुणं-पांघरुणं, भांडी, किराणा, दोन खुर्च्या, टेबल, पाण्याचा पाइप, विजेची केबल, चाकाखालच्या उतरत्या पाचरी, हत्यारं आणि औषधांचा डबा बसवायचा आहे. दोन माणसांचं हे सामान दीडशे किलोच्या खाली आणणं फार शिस्तीच्या लोकांनाच जमतं.

आणि हा हिशेब छापील आकड्यांवरचा आहे. युरोपीय नियमांत निघण्याच्या स्थितीतल्या वजनाला पाच टक्क्यांची सूट आहे. ३,०५० च्या पाच टक्के म्हणजे दीडशे किलोंवर. तुमच्या वाट्याला आलेली गाडी छापील आकड्यापेक्षा तेवढ्याने जड भरली तरी कारखान्याची चूक धरली जात नाही. म्हणून ‘४५० किलो पेलोड’ हे वाक्य विक्रेत्याने कितीही आत्मविश्वासाने म्हटलं तरी त्याला तुमच्या ऑप्शनसकटचं अपेक्षित वजन लेखी मागा.

जास्त वजनाचा परिणाम दंडापुरता नसतो. टायर तापतात, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं.

सायकलींचं तर आणखी एक दुखणं आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. रॅक मागच्या चाकांच्या मागे लटकतो, त्यामुळे तो तरफेसारखं काम करतो. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं (चाकांच्या आसांमधलं) अंतर चार मीटर आहे आणि सायकली मागच्या एक्सलच्या २.८ मीटर मागे आहेत असं धरा. सायकली आणि रॅक मिळून ६५ किलो. चार अधिक २.८ म्हणजे ६.८, भागिले चार, म्हणजे १.७. गुणिले ६५ केले की मागच्या एक्सलवर येणारा भार ११० किलो होतो. रॅकवर ६५ आणि एक्सलवर ११०. वरचे ४५ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ओल्या गवतावरून निघताना चाकं जागच्या जागी का फिरतात, त्याचं उत्तर इथे आहे. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल मर्यादेबाहेर जातो तोही याच कारणाने. एअर सस्पेन्शन बसवून गाडीची मागची बाजू वर येते, दिसायला बरं दिसतं. एक्सलची मंजूर क्षमता मात्र केवळ तेवढ्याने वाढत नाही.

आता वाटा कोणत्या?

एक, त्याच गाडीला जड चॅसी घ्यायची. चार टनांच्या पुढच्या चॅसी मिळतात आणि त्यांना मागचा एक्सल आणि ब्रेक भक्कम असतात. पेलोडचा प्रश्न त्याने खरोखर सुटतो. पण दोघांचेही परवाने त्या वजनाला चालतात का, आणि वय वाढल्यावर ते टिकवायला वैद्यकीय तपासणी लागते का, हे जाण्याआधी घरूनच विचारून घ्या. एकाचाच परवाना चालत असेल तर ही वाट माझ्या मते बंद समजा. चॅसी नंतर बदलता येत नाही. कागदावर वजन वाढवून घेण्याची सोय काही ठिकाणी असते, पण मुळात एक्सल तेवढे हवेत.

दुसरी वाट यादी छाटण्याची. छतावरचा एसी आणि ३२ किलो यांच्यात निवड करायची तर आधी बघा की तुम्ही विजेची जोडणी असलेल्या तळांवर किती रात्री काढता. एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण एक किलोवॉट ओढतो. १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा किलोवॉट-तास. तासभर गारवा, की बॅटरी संपली. जोडणीशिवाय मुक्काम करणाऱ्यांसाठी तो एसी छतावरचं ओझं आहे, शिवाय त्याची सावली सोलरवर पडते ती वेगळीच. उलट सोलर ठेवाच. २०० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ५० अँपिअर-तासांच्या आसपास देतं, आणि कॉम्प्रेसरचा फ्रिज हवेनुसार ३० ते ५० खातो. दोन जड एजीएमऐवजी १०० अँपिअर-तासाची एकच लिथियम घेतली तर वजन पन्नासवरून बारा-तेरा किलोवर येतं आणि वापरायला वीज तेवढीच मिळते, कारण एजीएम अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. फक्त शून्य अंशाखाली लिथियम चार्ज होत नाही, म्हणून ती गाडीच्या आत, उबेत बसवायची.

तिसरी वाट मधल्या गाड्यांची, आणि तुमचं पत्र वाचून मला हीच सर्वांत आधी बघावीशी वाटते. ६.३६ मीटरची लांब व्हॅन मिळते. तिच्यात मागे दोन स्वतंत्र लांबट बेड बसतात. रुंदी तुमच्या ओळखीची, २.०५ मीटरच. दोघांच्या मधून उतरायची वाट असते आणि कोणाला कोणावरून जावं लागत नाही. बाथरूम मात्र लहान असते आणि थंडीत पत्र्याची व्हॅन लवकर गार पडते. दुसरी निवड सात मीटरच्या आतली सेमी-इंटिग्रेटेड (पुढची केबिन मूळ गाडीची, मागचं घर वेगळं बांधलेलं), दोन सिंगल बेडची. तिची लांबी तुमच्या भीतीच्या आणि त्यांच्या हौसेच्या बरोबर मध्ये येते. कोपऱ्यातला लांबट फ्रेंच बेड दाखवतील तो मात्र तुमच्यासाठी नाही, तिथेही भिंतीकडचा माणूस अडकतोच.

‘मला चालवता येणार नाही’

हे वाक्य पत्रात सहज आलंय, पण सगळ्यात जास्त विचार त्यावर व्हायला हवा. तुम्ही आजवर जुनी व्हॅन चालवत आला असाल, तर लांबीने तुम्ही अडणार नाही. अरुंद रस्त्यात अडवते ती रुंदी. व्हॅन २.०५, तर बांधलेल्या बॉडीची मोटरहोम २.२ ते २.३५ मीटर, आणि आरसे त्याहून बाहेर. पंधरा ते तीस सेंटीमीटर कागदावर किरकोळ वाटतात. समोरून ट्रक आला की दोन्ही आरशांच्या टोकाशी ते दिसतात. लांब गाडीत आणखी एक सवय लावून घ्यावी लागते : वळताना मागचं टोक बाहेरच्या बाजूला झोकांडतं. पेट्रोल पंपाच्या खांबांवर लागलेले बरेचसे ओरखडे त्याचेच असतात.

हे सगळं तासाभरात शिकता येतं, पण शोरूमच्या आवारात एक फेरी मारून नाही. फोन करून सांगा की चालवून बघण्यासाठी गाडी एक तास हवी आणि दोघंही चालवणार. तुम्ही आधी बसा. सीट आणि आरसे तुमच्या मापाने लावून घ्या, क्लच पूर्ण दाबला जातो का बघा. एकदा हमरस्ता, एकदा गावातला रस्ता, एकदा रिव्हर्स. तुमचे पती मागे उभे राहून हातवारे करतील तर त्यांना आरशात दिसेल अशा जागी उभं राहायला सांगा. ते दिसेनासे झाले की तुम्ही थांबायचं, एवढा एकच नियम. तासानंतरही नको वाटली तर ती गाडी तुमच्या घराची नाही. एकच चालक असलेली मोटरहोम म्हणजे परक्या गावात त्या चालकाची कंबर धरली की अडकून पडलेलं घर.

जाण्याआधी आणि तिथे गेल्यावर

या प्रवासाकडे ऑर्डर देण्याची सहल म्हणून बघू नका. बघण्याची सहल समजा. ऑर्डर झाली तर दुसऱ्या दिवशी झाली.

निघण्याआधी जुनी व्हॅन नेहमीच्या सहलीसारखी पूर्ण भरा आणि वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. घरी येऊन सगळं सामान उतरवा, टाक्या रिकाम्या करा आणि पुन्हा तोला. दोन पावत्यांमधला फरक म्हणजे तुम्ही दोघं खरोखर वागवता तेवढं ओझं. तो आकडा बघून बऱ्याच जणांना घाम फुटतो, पण शोरूममध्ये तोच तुमचं सर्वांत मोठं बळ असेल. ‘आम्हाला २३० किलो लागतात, पावती ही बघा’ म्हटलं की विक्रेत्याला गोल गोल बोलता येत नाही.

विक्रेत्याला फोन करून खात्री करा की तुम्हाला बघायचे आहेत ते तिन्ही लेआउट त्या दिवशी आवारात उभे असतील. कॅटलॉगमधून दाखवतो म्हणाला तर दोन दिवसांचा प्रवास वाया जाईल. बरोबर घ्या : मोजपट्टी, आपापल्या उशा, तुमचं सगळ्यात मोठं पातेलं, आणि सायकलींची हँडलपर्यंतची उंची लिहिलेला कागद. गाडीच्या मागच्या गॅरेजचं (बेडखालच्या सामानाच्या जागेचं) दार आणि आतली उंची वेगवेगळी असते, आणि आयलंड बेड खाली घेतला की गॅरेज बुटकं होतं. सायकली आत मावल्या तर रॅक आणि त्याची तरफ दोन्ही गेले.

प्रत्येक गाडीत किमान तासभर घालवा, विक्रेत्याला बाहेर चहाला पाठवून. दोघांनी बूट काढून एकाच वेळी आडवं व्हा, आपल्या बाजूला, आपल्या उशीवर. आयलंड बेडच्या पायथ्याचे कोपरे चालायला जागा मिळावी म्हणून कापलेले असतात. उंच माणसाची पावलं तिथे बाहेर लोंबतात. मग डोळे मिटून टॉयलेटपर्यंत जा. हो, खरंच डोळे मिटून, एक हात भिंतीवर ठेवून. जमिनीत मध्येच पायरी आहे का ते तेव्हाच कळतं. टॉयलेटमध्ये दार लावून बसा. गुडघे दाराला लागतात का? कोपर मागे नेता येतं का? उठून शॉवरखाली उभ्या राहा आणि खाली वाकून पावलाला साबण लावल्याचा आव आणा. हसू येईल, येऊ दे.

मग स्वयंपाकघर. पातेलं सिंकमध्ये बसतं का, शेगडीवर दुसऱ्या भांड्याशेजारी राहतं का, फ्रिजचं दार उघडं असताना दुसरा माणूस पलीकडे जाऊ शकतो का. पुढच्या सीट फिरवून टेबलाशी बसा. फिरवलेल्या सीटवर पाय जमिनीला टेकतात का ते विशेषतः तुम्ही बघा. पावसाच्या दिवशी तुम्ही दोघं दहा तास याच दोन जागांवर बसणार आहात.

टाक्यांचे आकडे लिहून घ्या. कॅसेट टॉयलेट (खालची टाकी बाहेर काढून रिकामी करायचं) सतरा ते वीस लिटरचं असतं आणि दोघांना दोन ते तीन दिवस पुरतं. सांडपाण्याची टाकी पाण्याच्या टाकीपेक्षा फार लहान नको. थंडीत फिरणार असाल तर सांडपाण्याची टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह गरम राखलेला आहे का विचारा, कारण टाकी आतून उबदार आणि व्हॉल्व्ह उघड्यावर, अशी विचित्र जोडी बऱ्याच गाड्यांत सापडते.

शक्य असेल तर ऑर्डरआधी त्याच लेआउटची गाडी तीन रात्रींसाठी भाड्याने घ्या. काही विक्रेते पुढे गाडी घेतली तर भाडं किमतीतून वळतं करतात. विचारायला काय जातं.

सही आणि सवलत

महिनाअखेरीची सवलत पुढच्या महिन्यात दुसऱ्या नावाने परत येते, असा माझा तरी समज आहे. पण ती खरी धरली तरी कोटेशन लेखी घ्या, त्यावर मुदतीची तारीख घाला आणि त्या रात्री सही करू नका. जेवताना दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन गोष्टी लिहा ज्यांच्याशिवाय गाडी नको, आणि तीन ज्या सोडून देता येतील. एकमेकांना न दाखवता. मग कागद बदला. तुम्ही गप्प बसण्याचा प्रश्न इथे आपोआप मिटतो.

ऑप्शन निवडताना ‘काही बाकी ठेवायचं नाही’ हा विचार बाजूला ठेवून एवढंच विचारा की ही वस्तू नंतर बसवता येते का. चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स, टाकीचं इन्सुलेशन, हीटर गॅसचा की डिझेलचा, ही सगळी कारखान्यातच ठरतात. सोलर, ऑनिंग, रॅक, टीव्ही, रिव्हर्स कॅमेरा, लिथियम बॅटरी हे केव्हाही बसतं, आणि वर्षभर गाडी वापरल्यावर त्यातलं अर्धं लागतच नाही असं ध्यानात येतं. छतावर नंतर काही बसवायचं असेल तर वायरिंग आधीच घालून ठेवायला सांगा. छताला नंतर भोक पाडलं तर पाणी न झिरपण्याची वॉरंटी जाण्याचा धोका असतो.

ऑर्डरच्या कागदावर मॉडेलचं वर्ष, चॅसीचं कमाल वजन आणि प्रत्येक ऑप्शन त्याच्या किलोसकट हवा. किंमत पक्की आहे की डिलिव्हरीपर्यंत वाढू शकते? वाढली तर किती टक्क्यांनंतर तुम्हाला ऑर्डर रद्द करून बयाणा परत मागता येईल? ‘अंदाजे डिलिव्हरी’ लिहिलेलं असतं, तिथे कमाल तारीख घालायला लावा. मधल्या काळात कारखान्याने फ्रिज किंवा हीटर बदलला तर आधी विचारणार का? बयाणा शक्य तितका कमी द्या आणि तो वेगळ्या, सुरक्षित खात्यात राहतो का ते विचारा. विक्रेता बुडाला तर गाडी कारखान्यात आणि पैसे वाऱ्यावर, अशी वेळ ग्राहकांवर आलेली आहे.

आणि तुमच्या बाबतीत खास : हा विक्रेता घरापासून दोन दिवसांवर आहे. इंजिन आणि चॅसीची वॉरंटी त्या कंपनीच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये चालते, पण वरच्या घराची, म्हणजे खिडक्या, फर्निचर, पाणी, छत यांची, बहुधा विकणाऱ्याकडेच. पाणी न झिरपण्याची वॉरंटी टिकवायला दरवर्षी ओलाव्याची तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो. ती तपासणी आणि दुरुस्ती तुमच्या घराजवळच्या कोणाकडे चालेल, हे नावासकट लेखी घ्या. नाहीतर एका गळक्या खिडकीसाठी चार दिवसांची जा-ये होईल.

ताबा घ्यायला जाल तेव्हा अर्धा दिवस हाताशी ठेवा. फ्रिज आदल्या दिवशी चालू करून ठेवायला सांगा, कारण तो गार व्हायला तासनतास लागतात. पाण्याची टाकी पूर्ण भरून घ्या, प्रत्येक नळ सोडा आणि टॉर्च घेऊन सिंकखालचा प्रत्येक जोड बघा. प्रत्येक खिडकी, पडदा, कुलूप उघडून लावा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नव्या गाडीला जुने टायर नकोत. मग पहिली रात्र विक्रेत्याच्या जवळपासच काढा आणि सगळं वापरा : हीटर, शॉवर, शेगडी, दिवे. जे बिघडेल त्याची यादी सकाळी त्याच्या टेबलावर ठेवायची आणि सही घ्यायची. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट तपासा, आणि घरी जाताना वाटेत काटा लागला की गाडी तोलून पावती जपून ठेवा.

तोवर जुनी व्हॅन विकू नका. तिचं मूल्य ऑर्डरच्या कागदात आजच लिहून घ्या, पण चावी नवी गाडी हातात आल्यावरच द्या. डिलिव्हरी लांबली तर तुमचा सगळा मोसम घरात बसून जाईल.